साडूंनी ॲप वाढवलं

आमच्या साडूंच्या तोंडून आजवर एकही अशुभ शब्द बाहेर पडलेला नाही, आणि त्यापायी आमच्या नात्यागोत्यातल्या माणसांना जेवढा मनस्ताप झाला आहे तेवढा एखाद्या शिवराळ माणसानेही दिला नसता. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. राहायला मुरुडला, नारळीच्या वाडीत. अंगाने काटकुळे, आवाजाने मऊ, आणि चेहरा असा की समोरचा माणूस आपणहून आपल्या गुडघेदुखीविषयी सांगायला लागतो. या माणसाच्या घरात तांदूळ संपत नाहीत, ते ‘वाढतात’. दिवा विझत नाही, ‘शांत होतो’. बांगडी फुटत नाही, ‘वाढवली’ जाते. कोपऱ्यावरचा वाणी रात्री दुकान बंद करत नाही, ‘वाढवतो’. हे थोडंफार तुमच्याआमच्या घरीही चालतं, नाही असं नाही. पण आपण देवापुढे नारळ वाढवतो आणि आमटीसाठी तोच सरळ फोडतो. साडू आमटीसाठीही वाढवतात. एकदा काशीदच्या चढावरून त्यांचा मला फोन आला, “दादा, गाडी जरा बसलीय.” मी म्हटलं, बसली तर बसू द्या, तुम्हीही सावलीला बसा, चहा प्या, आणि फोन ठेवून झोपलो. साडू भर दुपारी पंक्चर झालेली स्कूटर ढकलत घरी गेले. पंक्चर झाली असं सरळ का नाही सांगितलं, असं मी नंतर विचारलं तर म्हणाले, “वाटेवर असताना कशाला तसलं बोलायचं?”

अशा माणसाने पोटासाठी वाटेल ते करावं, पण विमा विकू नये. साडूंनी नेमका विमाच विकला, आणि तोही वर्षानुवर्षं. विमा कशासाठी काढायचा, हे कारण ज्याला उच्चारताच येत नाही असा दुसरा एजंट अख्ख्या कोकणपट्टीत नसेल. गिऱ्हाइकासमोर बसले की घसा साफ करून सुरुवात करायचे, “म्हणजे बघा, देव न करो, उद्या काही कमी-जास्त झालं…” आणि थांबायचे. पुढचं समोरच्याने समजून घ्यायचं. मुरुडच्या कोळीवाड्यातल्या एका नाखव्याला ते समजलंच नाही. त्याने शांतपणे विचारलं, “कमी झाला त किती देनार, नी जास्त झाला त किती?” साडूंना घाम फुटला. ते एवढंच म्हणाले, “जास्त झालं तर जास्त.” नाखव्याने तिथल्या तिथे सही केली. गंमत म्हणजे त्यांचं काम चांगलं चालायचं. माणसांना वाटायचं, हा विकायला आलाच नाही, चौकशीला आला आहे. तेही खरंच होतं. ते हप्ता न्यायला जात आणि जाताना एखाद्या म्हाताऱ्याचं औषध आणून देत, कुणाच्या छपरावरची सरकलेली कौलं बसवून देत. आणि खरोखर कुणाकडे काही कमी-जास्त झालंच तर चार दिवस त्या घरी नुसते बसून राहत. त्या वेळीही तोंडातून शब्द नसे, पण घरच्यांना तो लागायचाही नाही.

मग विमा फोनवर मिळायला लागला. माणसं अंथरुणात पडल्या पडल्या अंगठ्याने विमा काढू लागली. साडूंच्या फेऱ्या कमी झाल्या, स्कूटर अंगणातच दिसू लागली. दुसरा कोणी असता तर फोनला शिव्या देत बसला असता. साडू एका रविवारी आमच्याकडे अलिबागला आले, ताटावर बसले आणि म्हणाले, “दादा, ज्याने माझं काम नेलं त्याच्याच पोटात शिरून बघायचं ठरवलंय. कोडिंग शिकतोय.” तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. माझ्या बायकोच्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला. मेहुणी मात्र शांत होती. ती वाडीतच पर्यटकांसाठी खानावळ चालवते, आणि तिच्या हातची सोलकढी प्यायला लोक पुन्हा पुन्हा मुरुडला येतात. ती म्हणाली, “भाऊजी, मी ह्यांना दोन पावसाळे दिलेत. तोवर घर मी बघते. तोवर काही जमलं नाही तर मुकाट्याने खानावळीत वाढायला उभं राहायचं.” साडूंनी मान डोलावली. एवढ्या सगळ्या वाढण्या-वाढवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ही अट जड वाटली नसावी, असं मला वाटलं. पण निघताना फाटकाशी ते मला हळूच म्हणाले, “दादा, तिचा माझ्यावर विश्वास आहे. त्याचं काही…” आणि गप्प झाले. पुढचा शब्द अशुभ असणार, हे मी ओळखलं.

त्या अभ्यासक्रमाला बूटकॅम्प म्हणतात. साडूंनी दोन्ही शब्द मनावर घेतले. बाजारात जाऊन पांढरे कॅनव्हासचे बूट आणले, आणि टॉर्च, सतरंजी, अ‍ॅल्युमिनियमची ताटली अशी सगळी बांधाबांध केली. मग कळलं की कॅम्प घरबसल्या लॅपटॉपवरच आहे. सतरंजी परत माळ्यावर गेली, बूट राहिले. “कॅम्प आहे म्हणजे शिस्त आलीच,” असं म्हणून ते रोज लेंग्यावर बूट घालून, नाड्या घट्ट बांधून वर्गाला बसत. बसत कुठे, तर विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडावर. अख्ख्या वाडीत रेंज तेवढीच. वर छत्री, समोर बादली पालथी घालून त्यावर लॅपटॉप. दगड मेहुणीच्या ताब्यातला असल्यामुळे बंगळुरूच्या शिक्षकाचं वेळापत्रक आणि मुरुडच्या चादरींचं वेळापत्रक यांची रोज गाठ पडे. शिकवणारा पोरगा चोविशीचा, सगळ्यांना नावाने हाक मारणारा, यांना मात्र अंकल म्हणणारा. एकदा त्याने अगदी काळजीने विचारलं, “अंकल, आपके यहाँ किसी को मार रहे हैं क्या?” साडू म्हणाले, “नहीं नहीं, मिसेस है. चादर को समझा रही है.”

शिकण्यात ते मागे नव्हते. त्यांची अडचण वेगळीच होती. कॉम्प्युटरवाल्यांची भाषा त्यांनी आयुष्यात प्रथमच ऐकली आणि ते हादरून गेले. मला फोन करून सांगायचे, “दादा, काय ही माणसं! जरा काही अडलं की ‘किल’ करा म्हणतात. चूक झाली की ‘फेटल’. एका प्रोग्रॅमने दुसरा चालू केला तर पहिला बाप, दुसरा मूल. मग बापाला मारतात, नि मूल अनाथ झालं असं सांगतात. दादा, खरंच, ‘ऑर्फन’ म्हणतात! कशासाठी, तर छपाई अडकली म्हणून!” त्यांनी यावर स्वतःपुरता तोडगा काढला. प्रोग्रॅममधल्या कामांना नावं आपण आपली देऊ शकतो, हे कळल्यावर त्यांनी सगळी नावं मराठीत दिली, इंग्रजी अक्षरांत. जिथे जगातला कुठलाही प्रोग्रॅमर ‘एरर’ लिहील तिथे त्यांनी ‘थोडंथांबा’ लिहिलं. आणि जिथे यादीतून नाव काढून टाकायचं, म्हणजे डिलीट करायचं, तिथे त्यांचा हात अडला. माणसाचं नाव, आणि डिलीट? त्यांनी त्या कामाचं नाव ठेवलं ‘वाढवा’. शिक्षकाला मराठी येत नव्हतं. त्याने पाहिलं, काम बरोबर होतंय, आणि पुढे गेला. त्यात एवढं काही घडू शकेल असं कुणाच्याच मनात आलं नाही.

त्या बूटकॅम्पचा नियम असा की शेवटी प्रत्येकाने स्वतःची एखादी कल्पना ॲप करून दाखवायची, आणि ती कुणा पैसेवाल्याला आवडली तर त्याची कंपनी निघायची. साडूंना कल्पना शोधावी लागली नाही. ती ते वर्षानुवर्षं स्कूटरवरून घेऊनच फिरत होते. मुरुडपासून काशीदपर्यंत वाडी-वाडीत दोन म्हातारी माणसं नाहीतर एकच, मुलं मुंबईला, पनवेलला, आखातात. हप्ता न्यायला गेलं की प्रत्येकजण सांगायचा, पोराला कळव रे, आम्ही बरे आहोत. म्हणून साडूंनी ॲप काढलं. नाव ‘इकडील ठीक’. जुन्या पत्रात पहिल्या ओळीत लिहीत ना, इकडील सर्व ठीक, तिकडील खुशाली कळवावी, त्यातलं. पडद्यावर एकच मोठं हिरवं बटण, त्यावर ‘ठीक’. सकाळी चहा झाला की म्हाताऱ्यांनी ते दाबायचं, की लांबच्या मुलाच्या फोनवर हिरवा ठिपका. नऊ वाजेपर्यंत दाबलं नाही तर मुलाला निरोप आणि शेजाऱ्याला फोन. लाल रंग साडूंनी ठेवलाच नाही. न दाबणाऱ्याच्या नावापुढे पिवळ्या अक्षरात यायचं, ‘वाट बघतोय’.

त्यांचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे लाँचवरचे चाचा. जन्मभर राजपुरीच्या खाडीत लाँचचं सुकाणू धरलेला, आता एकटा राहणारा, उंच, पांढऱ्या दाढीचा माणूस. साडूंची पहिली पॉलिसीही त्यांनीच काढली होती, न समजताच, असं ते स्वतः सांगायचे. मुलगा आखातात. चाचांनी पहिल्या दिवशी बटण दाबलं आणि लगेच साडूंना फोन लावला, “बेटा, दाबला. पोचला का?” साडू म्हणाले, “पोचलं, चाचा. आता फोन करायला नको, ते आपोआप पोचतं.” “हां, ठीक हाय,” चाचा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. “बेटा, दाबला. पोचला का?” मग खाडीला पाणी कसं आहे, कुणाची होडी रंगवायला काढली आहे, गुडघ्याचं काय, असं सगळं. हळूहळू बाकीच्या म्हाताऱ्यांनाही ही युक्ती आवडली. प्रत्येकजण आधी बटण दाबायचा आणि मग ते दाबलं गेलं का हे विचारायला साडूंना फोन करायचा. मेहुणी म्हणायची, “ह्या ॲपने माणसाचा फोन वाचवायचा होता ना? इथे तर एका फोनच्या जागी दोन कामं झाली.” साडू सकाळभर दगडावर बसून ‘पोचलं, पोचलं’ करत असायचे. त्या वेळी ते फार आनंदात दिसायचे.

मलाही त्यांनी त्या यादीत घातलं. मी निवृत्त झालेलो, साठी ओलांडलेली, हे खरं आहे. पण म्हणून ‘ज्येष्ठ’ या रकान्यात माझं नाव बघून मला काय वाटलं असेल, ते समवयस्कांनीच समजून घ्यावं. मी रागाने म्हटलं, मला कशाला, मी रोज किनाऱ्यावर फिरायला जातो. साडू म्हणाले, “दादा, चाचणीसाठी धडधाकट माणूस पण लागतो.” त्यावर मी नरम आलो. आणि एका सकाळी, बायको बहिणीकडे मुरुडला गेलेली असताना, थळला ताजी मांदेली आल्याचं कळलं म्हणून मी फोन घरी चार्जिंगला लावून पिशवी घेऊन निघालो. शेजारीही माझ्याबरोबरच, तोही फोन घरी ठेवून. बटण राहिलं. नऊ वाजता पुण्याला माझ्या मुलाच्या फोनवर साडूंनी आपल्या शब्दांत लिहून ठेवलेला निरोप जाऊन पोचला, ‘काळजीचं कारण नाही. जमल्यास येऊन जा.’ आता मला सांगा, मराठी माणसाला याहून भयंकर काही लिहिता येईल का? पोराने ऑफिसमध्ये रजा टाकली, सुनेला घेतलं, गाडी काढली. वाटेत माझा फोन लावत राहिला, तो चार्जिंगला बसून नुसता वाजत होता. आईला फोन केला तर ती म्हणाली, मला काही माहीत नाही रे, काय झालं, आणि तिकडे तीही रडायला लागली. दुपारी ती दोघं घरात शिरली तेव्हा मी नुकताच परतून, लुंगी लावून ओट्यापाशी मांदेली साफ करत होतो. मुलगा आधी रडला, मग ओरडला, आणि मग जेवायला बसला.

मी साडूंना फोनवर यथेच्छ सुनावलं. ते अगदी गोंधळून म्हणाले, “पण दादा, मी तर स्पष्ट लिहिलंय, काळजीचं कारण नाही म्हणून.” मी म्हटलं, “अहो, आपल्याकडे कारण असल्याशिवाय असं कोण लिहितं?” त्यांनी विचार केला आणि निरोप बदलला. नवा निरोप असा होता, ‘आज बटण राहिलं आहे. बहुतेक मासळी आणायला गेले असतील.’ पुढच्याच आठवड्यात हा निरोप जन्मात मासळीला न शिवलेल्या एका काकूंच्या मुलाला गेला. त्यानेही गाडी काढली.

पावसाळा एक संपून दुसरा सुरू झाला आणि ॲप दाखवायचा दिवस आला. नवी मुंबईत एक थंडगार हॉल होता. मेहुणीला खानावळ सोडता येईना, म्हणून तिच्या वतीने मी गेलो. साडू इस्त्रीचा शर्ट आणि तेच पांढरे बूट घालून आले होते. त्यांच्या जोडीला बूटकॅम्पमधलीच पुण्याची एक मुलगी होती, हुशार, चटपटीत, साडूंना काका म्हणणारी. बोलायचं त्यांनी, आणि लॅपटॉप चालवायचा तिने, असं ठरलं होतं. साडू छान बोलत होते. मागे पडद्यावर हिरव्या ठिपक्यांची यादी होती, सगळ्यात वर चाचा. यादी तिला जरा आखूड वाटली. पैसेवाल्यांसमोर माणसं जास्त दिसावीत म्हणून ती साडूंच्या प्रोग्रॅममध्ये काहीतरी शोधत होती, आणि तिला दिसलं, ‘सर्व वाढवा’. तिने बिनधास्त दाबलं. पडदा कोरा झाला. वरपासून खालपर्यंत एकही नाव उरलं नाही. मधोमध साडूंनीच कधीतरी लिहून ठेवलेली ओळ उमटली, ‘इकडे सध्या कोणी नाही. सगळे ठीकच असतील.’

हॉलमध्ये हशा पिकला. ती मुलगी पांढरीफटक पडली. माइक चालूच होता, त्यामुळे पुढचं सगळ्यांनी ऐकलं. “काका, वाढवा म्हणजे वाढवाच ना?” “वाढवा म्हणजे वाढवाच, पोरी.” “मग सगळे गेले कुठे?” “तू वाढवलेस ना!” “पण मी तर वाढवायला गेले!” “मग तेच तर झालं!” मला हसू आवरेना, पण पहिल्या रांगेतले पैसेवाले एकमेकांकडे बघत होते. शेवटी साडूंनीच तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, “तुझी चूक नाही. मीच मनातला शब्द प्रोग्रॅममध्ये लिहिला.”

पैसेवाल्यांत एक तरुण होता, टी-शर्टवर कोट घातलेला. त्याला कल्पना आवडली होती, हे दिसत होतं. तो म्हणाला, “अंकल, कॉन्सेप्ट एकदम मस्त आहे. डेटा परत येईल, नो टेन्शन. मला एकच सांगा, चर्न किती? म्हणजे युजर्स वर्षाला किती गळणार? सगळे ऐंशीच्या पुढचे दिसतात.” साडूंना आधी प्रश्न समजला नाही. मग समजला. मी त्यांचा चेहरा बघत होतो. त्यांनी लॅपटॉप हळूच मिटला. “गळायला ते काय नारळ आहेत?” ते म्हणाले. आवाज तसाच मऊ होता. तरुण ओशाळला, “नाही म्हणजे, बिझनेसच्या दृष्टीने…” “हो, समजलं मला,” साडू म्हणाले, “पण माझ्याकडे त्याचा रकाना नाही.” मग हात जोडून म्हणाले, “येतो.” तरुणाने विचारलं, “परत कधी येणार?”

परतीच्या गाडीत साडू खिडकीबाहेर बघत होते. मला त्यांची फार कणव आली. सांगायचं तर रागही आला. एक रकाना ठेवला असता तर काय बिघडलं असतं? विमा कंपन्या ठेवतातच की! मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, “दादा, विम्याचा तो रकाना मी इतकी वर्षं भरत आलो. आता एवढं तरी त्याच्याशिवाय करू दे.” मुरुडला पोचल्यावर मेहुणीने ताट वाढलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून साडूंनी दगडावर बसून एकेकाला फोन लावून सगळी नावं पुन्हा यादीत घातली. पहिलं नाव चाचांचं.

मेहुणीच्या अटीतून मात्र साडू सुटले. त्या पुण्याच्या मुलीला फोनवरून पैसे पाठवायचं ॲप चालवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली, आणि तिथे ॲपमध्ये काही बिघडलं की गिऱ्हाइकाला मराठीत काय सांगायचं, हे लिहायला माणूस हवा होता. तिला त्या कोऱ्या पडद्यावरची ओळ आठवली. तेव्हापासून साडू घरबसल्या कंपनीचे निरोप लिहितात. व्यवहार अयशस्वी झाला, असं जिथे दुसरे लिहितील तिथे हे लिहितात, ‘या वेळी जमलं नाही, पैसे तुमच्याकडेच आहेत.’ खानावळीत वाढायला उभं राहायची पाळी आली नाही, तरी गर्दीच्या दिवशी ते हौसेने उभे राहतात. आणि ‘इकडील ठीक’ त्यांनी जोडीला चालू ठेवलं, पगारातून सर्व्हरचं भाडं भरत. पैसेवाला कोणी आला नाही. सकाळचं ‘पोचला का’ मात्र चालू राहिलं.

या हिवाळ्यात एका सकाळी त्यांचा फोन आला. “दादा, ठरवलं. ॲप वाढवायचं.” मी तर उडालोच. मुलाने पाठवलेला पेढ्यांचा पुडा समोरच होता, त्यातला एक तोंडात टाकून मी म्हटलं, “वा! अहो, किती दिवस म्हणतोय मी! वाढवा, वाढवा! आता मागे बघू नका. श्रीवर्धनपर्यंत न्या, तिथून रत्नागिरी!” मग ते म्हणाले, “हां दादा. तुम्ही म्हणताय म्हणजे बरंच.” मी बायकोला हाक मारून बातमी दिली. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर सवयीने ॲप उघडलं, तर हिरवं बटण नव्हतं. तिथे चार ओळी होत्या. ‘इकडील ठीक आजपासून वाढवलं आहे. इकडील सर्व ठीक. तिकडील खुशाली फोनवर कळवावी. येतो.’

मी त्या ओळी पुन्हा वाचल्या तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तोंडातल्या त्या पेढ्याची आठवण होऊन लाज वाटली. तसाच उठून मुरुडला गेलो. साडू दगडावर बसले होते, पायात बूट, मांडीवर लॅपटॉप, तो मिटलेला. मेहुणीने मला दारातच सांगितलं होतं. चाचांचं कमी-जास्त झालं होतं. बघा, मीही आता साडूंसारखंच बोलतो. झोपेतच, सुखाने, मुलगा सुट्टीवर आलेला असताना. साडू सगळ्याला हजर होते, चार दिवस त्या घरी नुसते बसून आले होते. आणि परत येऊन लॅपटॉप उघडला तर यादीत सगळ्यात वर, पिवळ्या अक्षरात, ‘वाट बघतोय’.

“एकच नाव वाढवायचं होतं, दादा,” ते म्हणाले. “बटण दाबायचं, झालं. मीच लिहिलेलं काम. तासभर बसलो, पण बोट जाईना. त्या पोराने हॉलमध्ये विचारलं होतं ना, त्याला उत्तर द्यायचं मी टाळलं होतं. ते असं अंगावर आलं.” मग जरा वेळाने म्हणाले, “एक नाव वाढवण्यापेक्षा सगळंच वाढवलं. म्हणजे कुणा एकट्याचं नाही झालं.” एवढा खटाटोप, दोन पावसाळे, ते बूट, तो हॉल, आणि शेवटी एका नावासाठी सगळं मिटवून टाकणारा हा माणूस वेडा आहे, असं मला वाटलं. आणि असा साडू मला मिळाला याचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला. मी ते त्यांना सांगितलं नाही, ते मला इथे लिहायचं होतं.

त्या रात्री मी तिथेच राहिलो. सकाळी उठून बघतो तर साडू दगडावर, हातात फोन. ॲप नाही तर नाही, एकेकाला आपणच फोन लावत होते. “काकू, ठीक ना? चहा झाला? बरं, बरं.” मेहुणी चादरी घेऊन बाजूला उभी होती, फोन संपायची वाट बघत. मी विचारलं, “पहिला फोन कुणाला?” ती म्हणाली, “पहिला नंबर चाचांचा होता ना. तेवढ्या वेळात ते आता बूट घालतात. मग दुसऱ्यापासून सुरुवात.”

माझा नंबर त्यांच्या यादीत शेवटचा आहे, वयाने मी सगळ्यांत लहान म्हणून. मी फिरायला जाणं आता जरा उशिरावर टाकलं आहे. फोन वाजतो, साडू म्हणतात, “दादा, इकडील ठीक. तिकडील?” मी ‘ठीक’ म्हणतो. एवढ्यावर खरं म्हणजे काम संपतं. पण ते फोन ठेवायच्या आत मी घाईघाईने विचारतो, “पोचलं का?”